मेंढरांची हाजरी

लिवायला बसलाव का ताई? बसा, पर त्या खाटंवर नका बसू, तिचा एक पाय मोडलाय, इकडं सतरंजीवर बसा. च्या ठेवलाय, उकळंतवर सांगते. माझं नाव गिरजा. माहेर जिंतूर तालुक्यातलं, चारठाण्याच्या अलीकडं माळावर आमची वस्ती, दहा-बारा घरं, सगळी मेंढरावाल्या धनगरांची. माझा बाप, त्याला आमी आप्पा म्हणायचो, मेंढरं राखायचा, त्याचा बाप बी मेंढरं राखायचा, आन् त्याच्या बापाचं मला मालूम न्हाई, पर तो बी काय कलेक्टर नसंल. मेंढरं किती व्हती ते इचारू नका. हसू नका, खरंच इचारू नका, मी सांगायची न्हाई. कामून ते पुढं कळंल तुमाला.

आमच्यात जित्राब मोजत न्हाईत. मोजलं की नजर लागती, आन् नजर लागली की कमी व्हायला येळ लागत न्हाई, आसं आमचं. कुणी वाटसरू इचारायचा, पाव्हणं, किती हायेत मेंढरं, की आप्पा वर बगायचा आन् म्हणायचा, हायेत की देवाच्या किरपेनं. झालं, तेवढाच हिशेब. पर सांजच्याला वाघुरीत, म्हंजी जाळीच्या कुंपणात, मेंढरं कोंडायची येळ झाली की आप्पा तोंडाशी उभा राहायचा, एक एक मेंढी त्याच्या मांडीला घासून आत जायची आन् आप्पा तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा, भुरी आली, बांडी आली, तुटक्या शिंगाची आली, सासू आली. सासू म्हंजी एक मेंढी व्हती बगा, सगळ्यांच्या अंगावर जायाची, म्हून मायनं तिला ते नाव दिलतं, आन् माझी आजी ते ऐकून दोन दिवस मायशी बोलली न्हवती. तर कोण आली न् कोण ऱ्हायली हे आप्पाला आकड्याबिगर कळायचं.

तो मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्सं झालती, माळाला पुन्ना गवत आलतं, तवा गावातल्या शाळंत खंदारे बाई आल्या. परभणीच्या, पैलीच नोकरी, वय आसंल बाविस-तेविस, आंगानं काडी, पायात रबरी चप्पल. बौद्ध समाजाच्या. गावात त्यान्ला खोली द्यायला कुणी तयार हुईना, का ते तुमाला सांगायची गरज न्हाई, शेवटाला शाळंतच पोरांला खायला द्यायच्या सुकडीची पोती ठेवायची खोली व्हती, तिथं त्यांनी बिऱ्हाड मांडलं. पर तोंड वाकडं केलं न्हाई कवा. म्हणायच्या, बघा, मी आंथरुणातून उठले की शाळेत, जिल्ह्यात दुसरी कोण मास्तरीण एवढ्या येळेवर पोचते सांगा. आन् सोताच खुदूखुदू हसायच्या.

पोरं गोळा करीत करीत त्या आमच्या वस्तीवर आल्या. आल्या त्या सरळ लेंड्यांच्या ढिगात पाय घालून उभ्या. मायला म्हणल्या, ही पोरगी किती वर्षांची? माय म्हणली, पावसाळ्यात झाली. बाई म्हणल्या, कोणत्या पावसाळ्यात? माय म्हणली, ते काय मालूम, पर पाऊस लय व्हता. मंग बाईंनीच माझे दात बगितले, आमी कोकराचे बगतो तसे, आन् वय लावून टाकलं. आजबी माझ्या आधार कार्डावर जी तारीख हाय ती खंदारे बाईंनी माझे दात बगून काढल्याली हाय. आप्पा म्हणला, जाऊ द्या पोरीला, दुपारपस्तोर बसंल आन् यील. झालं माझं नाव शाळंत.

काय सांगू तुमाला ताई, पैल्याच आठवड्यात मी भर वर्गात भोंगा पसरला. बाईंनी लाडानं इचारलं, गिरजा, तुझ्या आप्पाकडं दहा मेंढ्या हायेत, त्यातल्या तीन विकल्या, तर किती राहिल्या? मी उठून उभी ऱ्हायले, म्हणलं, बाई, आसं वंगाळ बोलू नका आमच्या मेंढरांला. आन् जी रडायला लागले ती थांबंना. पोरं फिदीफिदी हसायलीत, बाई नुसत्या बगायलत्या. त्यान्ला कळंना, पोरगी येडी हाय का बापाच्या आठवणीनं रडायली. पर रागावल्या न्हाईत. म्हणल्या, बरं बाई, मेंढ्या राहू दे, दहा लिंबं घे. लिंबं चालली मला. लिंबं कुणाच्या बापाची न्हवती.

मंग मला आकड्यांची गोडी लागली. चार-पाच म्हैन्यात मी शंभरापस्तोर गेले. वाटंनं बाभळी मोजायची, दगडं मोजायची, बाईंच्या साडीवरली फुलं मोजायची. आन् एक दिवस सांजच्याला, आप्पा वाघुरीच्या तोंडाशी उभा, मेंढरं आत जायलीत, मला काय अवदसा सुचली देव जाणे, मी शेजारी उभी राहून मोठ्यानं चालू केलं, एक, दोन, तीन, चार. पार शेवटच्या कोकरापस्तोर. आन् छाती फुगवून आकडा सांगितला. मायनं पळत येऊन माझ्या तोंडावर हात दाबला, मंग मीठ-मिरच्या घेऊन सगळ्या वाघुरीभवती ओवाळल्या. मला कुणी मारलं न्हाई, पर मारलं आसतं तर बरं झालं आसतं.

फुडल्या बाजाराच्या आधी तालुक्याहून ढोरांचा डॉक्टर आला, मेंढरांला देवी येत्यात त्याची सुई टोचायला. त्यानं इचारलं, किती हायेत? आप्पा म्हणला, हायेत की देवाच्या किरपेनं. डॉक्टर म्हणला, आवो आकडा सांगा, त्या मापानं दवा कालवायची हाय. आप्पानं पुन्ना वर बगितलं. मला आकडा मालूम व्हता ताई, जिभंवर व्हता, पर मी व्हट शिवून बसले. डॉक्टरनं अंदाजानं कालवली, आन् ती संपली तरी मेंढरं ऱ्हायली. म्हणला, उरलेल्यांला फुडल्या खेपेला. फुडली खेप काय येळंवर आली न्हाई, देवी मात्र आल्या. फोड, ताप, तोंडाला फेस. लांबकानी गेली, रडकी गेली, चांदी गेली, तिचं कोकरू गेलं, मोरी गेली. चांदीचं कोकरू माझ्या मांडीवर गेलं.

आप्पानं येवढंच म्हणलं, आता शाळा बास. आन् मी बी काय म्हणले न्हाई, कारण मला पक्कं वाटायलतं की माझ्याच तोंडानं गेली. मी मोजली म्हून गेली. मी बोलायचंच सोडलं. माय इचारायची, भाकर खातीस का, तर मुंडी हलवायची. रस्त्यानं दगडं दिसली तर डोळे मिटायची, चुकून मोजणी व्हायला नको म्हून. सात-आठ वर्सांचं लेकरू व्हतं मी ताई, आन् पाच जिवांचं पाप डोक्यावर घेऊन हिंडायलते. आगं बया, बगा, आकडा बोलले की मी. जाऊ द्या, गेलेल्यांला काय नजर लागत न्हाई.

आठ दिवस पोरगी शाळंत न्हाई म्हणल्यावर बाई आल्या वस्तीवर. आल्या त्या येऊन भाषणच चालू केलं, की आप्पा, मोजल्यानं कुणी मरत नसतं, ही अंधश्रद्धा हाय, विज्ञान असं सांगतं आन् तसं सांगतं. आप्पानं ऐकून घेतलं, मंग हात जोडून म्हणला, बाई, तुमची गेली न्हाईत, माझी गेलीत. तुमी जा. बाईंचं तोंड येवढंसं झालं. गेल्या. मला वाटलं, आता या काय परत येत न्हाईत.

दुसऱ्या दिशी शाळा सुटल्यावर हजर! ह्या खेपेला काय बोलल्या न्हाईत. मायला म्हणल्या, काल मी शहाणपणा केला, चुकलं माझं, आज नुसती बसते. आन् पार सांज होस्तोर एका दगडावर बसून ऱ्हायल्या. मायनं त्यान्ला शेळीचं दूध दिलं, ते त्यान्ला काय जाईना, पर नाक मुरडलं न्हाई, घोट घोट करीत सगळं पेल्या. मंग मेंढरं आली. आप्पा उभा ऱ्हायला तोंडाशी आन् त्याचं पुटपुटणं चालू झालं, भुरी आली, बांडी आली, सासू आली. बाई उठून जवळ गेल्या. थोडा येळ ऐकलं, आन् टाळी वाजवून हसल्या. म्हणल्या, आप्पा, आवो तुम्ही तर हाजरी घेताय! आप्पा म्हणला, म्हंजी? बाई म्हणल्या, मी रोज सकाळी शाळेत हेच करते. मी काय पोरं मोजत नाही, मी नाव घेते आन् पोरगं म्हणतं हाजर. कोण आलं कोण नाही लगेच कळतं. तुमचं काम आन् माझं काम एकच की.

आप्पानं सासूच्या पाठीवर हात फिरवला. मंग म्हणला, नाव घेतल्यानं नजर लागत न्हाई. नाव घेतल्यानं जनावर जवळ येतं. बाई म्हणल्या, मग गिरजाला नुसती नावं लिहायला शिकवते, चालंल? तुम्ही बाजाराला गेला, आजारी पडला, तर हाजरी कोण घेणार? आप्पा म्हणला, चालंल. पर मोजायचं न्हाई. बाई म्हणल्या, तुमच्या दारातलं काही मोजायचं नाही, शब्द.

तेवढ्यावर थांबल्या न्हाईत त्या. माझ्याजवळ येऊन खाली बसल्या, लेंड्यांत, नव्या साडीनं. म्हणल्या, गिरजा, मला सांग, डॉक्टरनं सुई कुणाकुणाला टोचली? माझं तोंड आठ दिवसांनी उघडलं. म्हणलं, भुरीला, बांडीला, सासूला, तिच्या पोरीला, सगळी नावं घेतली. बाई म्हणल्या, आन् कुणाला राहिली? म्हणलं, लांबकानीला, रडकीला, चांदीला. बोलता बोलता मीच थांबले. बाईंनी माझं तोंड दोन्ही हातात धरलं, म्हणल्या, बग, ज्यांला सुई पुरली नाही तीच गेली ना? तुझ्या तोंडानं कुणी गेलं नाही गं माझ्या बाई. आप्पा तिकडं पाठ करून जाळीची गाठ मारायलता. एक गाठ मारायला किती येळ लागतो? लय येळ मारायलता. त्यानं ऐकलतं. पर बाई त्याच्याकडं बगून एक शब्द बोलल्या न्हाईत, आन् तिथंच आप्पा त्यांचा झाला, आसं मला आता कळायलंय. त्या दिशी मी दोन भाकरी खाल्ल्या.

मंग काय इचारता! बाईंनी मला दोनशे पानी वही दिली, वर लिवलं, हजेरी पत्रक. मी रोज एक एक नाव शिकायची. भुरीचा भु ऱ्हस्व का दीर्घ, काय मालूम नसायचं, पर मेंढीचं नाव चुकवायचं म्हंजी मेंढीचा आपमान, म्हून मी दहादा गिरवायची. लंगडायली आसंल तर फुल्ली, गाभण आसंल तर गोल. एकदा बाई वही तपासायल्यात आन् येकदम थांबल्या. म्हणल्या, गिरजे, ही मास्तरीण कोण गं? माझी तर पाचावर धारण बसली. आवो एक नवी मेंढी व्हती, मान वर करून सगळ्यांकडं बगायची, कुणी मागं ऱ्हायलं की थांबून ब्यां करायची, तर आप्पानंच नाव ठिवलतं तिचं मास्तरीण! म्या म्हणलं, बाई, लय चांगली मेंढी हाय वो, कवा हरवत न्हाई. बाई येवढ्या हसल्या, येवढ्या हसल्या की खडू खाली पडला. म्हणल्या, मग रोज पहिली हाजरी तिचीच घेत जा.

फुडल्या साली तोच डॉक्टर, तीच सुई, तोच सवाल, किती हायेत? आप्पानं वर बगितलं, हायेत की देवाच्या किरपेनं, आन् मंग माझ्याकडं मान वळवून म्हणला, पोरी, सायबाला ती वही दाव. डॉक्टर वही बगतच ऱ्हायला. बोट लावून एक एक नाव मोजायला लागला, तसा आप्पा पाठ फिरवून लांब जाऊन उभा ऱ्हायला, वहीतली नावं मोजायलाय, मेंढरं न्हाई, आपुन बगितलं न्हाई, आपुन ऐकलं न्हाई. डॉक्टरनं आकडा मनात ठिवला आन् बरोबर तेवढी दवा कालवली. त्या साली आमचं एक बी जित्राब देवीनं गेलं न्हाई. आप्पा जिंतूरच्या बाजारातून नवी वही घेऊन आला, आन् बाईंसाठी हातानं काढलेल्या लोकरीचं घोंगडं. म्हणला, बाई, हिला शिकील तेवढं शिकवा.

दिवाळी झाली की आमची मेंढरं गंगंच्या, म्हंजी गोदावरीच्या, अंगाला चरायला जायाची, सगळं बिऱ्हाड संगं. आधी मी बी जायाची, शाळा बुडायची. त्या वर्सापासून आप्पानं मला बाईंच्या खोलीत ठिवलं. गावातले काय काय बोलले, धनगराची पोर कुणाच्या घरी जेवायली म्हून. आप्पा म्हणला, माझ्या मेंढरांला नावानं वळखणारी ती एकटीच मास्तरीण हाय या गावात, तुमच्यातलं कुणी वळखत आसंल तर सांगा, तिकडं ठिवतो. सुकडीच्या पोत्यांच्या मधी बाई आन् मी, एकच घोंगडं, तेच आप्पाचं. बाईंच्या हातचं पिठलं लय पाणचट आसायचं, खोटं कामून बोलू, पर ते पिठलं मला आजबी आठवतं.

मी चौथीला आसताना बाईंची बदली झाली चुडाव्याकडं. म्या म्हणलं, बाई, मला काय द्यायला न्हाई, ही वही घ्या, पैली. बाईंनी ती ट्रंकंत ठिवली. मंग कारडं यायची त्यांची. दर कारडाच्या शेवटी एकच वळ, मास्तरीण हाजर आहे का? मी लिवायची, हाजर हाय. ती मेंढी मेली तरी मी दोन वर्सं लिवत ऱ्हायले हाजर हाय म्हून.

सातवी झाले, लगीन झालं, ह्या गावात आले. मंग आंगणवाडी निघाली, सातवी शिकल्याली सून गावात मी एकटीच, झाले सेविका. आन् गंमत बगा ताई, लेकरांची वजनं करायला काटा आणला तर एक बी माय लेकरू दीना. कामून? तर वजनाचा आकडा मोठ्यानं बोलला की लेकराला नजर लागती! दुसरी बाई आसती तर चिडली आसती. मला तर माहेरचं माणूस भेटल्यावानी झालं. म्या म्हणलं, मी आकडा बोलायचीच न्हाई, मी हाजरी घेते. नाव घ्यायची, लेकरू काट्यात बसवायची, गुपचूप वहीत लिवायची, आन् वजन कमी भरलं तर त्या मायच्या कानात सांगायची. सगळी आली. आज त्या लेकरांची लेकरं यायलीत. मी कवा भाषण दिलं न्हाई कुणाला. पैल्यांदा जाऊन त्यांच्या दगडावर बसायचं, हे मी बाईंकडून शिकले.

आता मागल्या म्हैन्याचं सांगते आन् मंग च्या पिऊ. परभणीला मिटिंग व्हती, ती सुटल्यावर आटो केला आन् इचारत इचारत बाईंच्या घरी गेले. सत्तरी कवाच वलांडली त्यांनी, डोळ्याचं आपरेशन झालंय, आजून काडीच हायेत. मला बगून म्हणल्या, पिठलं टाकू का? म्या म्हणलं, नगं बाई, एक जिंदगी पुरंल येवढं खाल्लंय. लय हसलो. मंग त्यांनी सुनंला सांगून ट्रंक उघडायला लावली, आन् ती वही काढली. पिवळी पडलीय, कडा कुरतडल्यात, पर आक्षर माझंच. बाई म्हणल्या, मला आता दिसत नाही बारीक, तू घे हाजरी. मी उभी राहून घ्यायला लागले. भुरी. बांडी. सासू. चांदी वही यायच्या आधीच गेलती, पर तिच्या नावची रिकामी वळ ठिवलती मी, तिथं थांबले, बाई म्हणल्या, घे, घे, तिचं पण घे. घेतलं. मंग पान उलटलं, तिथं पैलंच नाव, मास्तरीण. बाईंनी खुर्चीतनं हात वर केला, पार सरळ, आन् म्हणल्या, हाजर.

म्या त्यांच्या मांडीवर डोकं ठिवलं, साठीला टेकल्याली बाई मी, लेकरावानी रडले, आन् रडता रडता हसू यायलतं. निघताना आटोत बसले, आटो चालू झाला, आन् बाई दारात काठी टेकून उभ्या, मोठ्यानं वरडल्या, गिरजा! शाळंत वरडायच्या तसंच. आवो मी चालत्या आटोत उठून उभी ऱ्हायले, डोकं टपाला आपटलं, म्हणलं, हाजर बाई! आटोवाला म्हणला, मावशी, पडचाल की.

घ्या, च्या घ्या, निवायलाय. माझं आता बरं चाललंय ताई, लेकरं मार्गी लागली, बाई हायेत, मी हाय. तुमचं बी भलं व्हवो. लिवा काय लिवायचं ते, पर किती पानं झाली ते माझ्यासमोर मोजू नका. नावं तेवढी सगळ्यांची घ्या. चांदीचं पण.